रोबो मशीनवर चालायची फिजिओ: नागपूरच्या सेंटरचा आमचा अनुभव

सरळच सांगते. घरी लकव्याचा पेशंट आहे आणि मोबाईलवर रोबोटिक फिजिओथेरपीची जाहिरात पाहून नागपूरला जायचा विचार करून राहिले, त्यांच्यासाठी हे लिहून राहिली. मशीन काही खोटं नाही, काम करते. पण ते कोणासाठी, लकवा मारल्यावर कितव्या महिन्यात आणि कोणत्या फिजिओच्या हाताखाली, सगळं त्याच्यावर आहे, आणि ते जाहिरातीत कोणी सांगत नाही बाप्पा. सेंटरचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तक्रारी पण करायच्या आहेत आणि तिथल्या फिजिओ मॅडमचे आमच्यावर उपकार पण आहेत, दोन्ही एकाच ठिकाणचे.

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, वय ७२, आम्ही वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यातले, घरी कापूस-सोयाबीन आणि थोडी तूर. पहाटे उठायला गेले तर डावा हात-पाय उचलेचना, खाटेवरून घसरले. मेंदूच्या उजव्या बाजूला रक्ताची गाठ अडकली होती म्हणून शरीराची डावी बाजू गेली, वाचा मात्र वाचली. गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासाच्या आत द्यावं लागते म्हणतात, पण झोपेतच झालं तर नक्की केव्हा झालं हे कोण सांगणार, म्हणून ते काही देता आलं नाही. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा दोन जणांनी धरून बसवावं लागे. आणि घरी आणल्याबरोबर सल्लेवाले आलेच. एकजण म्हणे कबुतराचं रक्त चोळा, एकजण म्हणे राजस्थानात बुटाटीला न्या, सात दिवस फेऱ्या मारल्या की माणूस चालत परत येते. सासूबाईंचं मन तिकडे ओढत होतं, त्यांना दोष नाही देत, पण मी म्हटलं सध्या जे काही आहे ते पायावर खर्च करू, देवाला मग जाऊ.

माझी भाची वर्ध्याजवळ सावंगीला फिजिओचंच शिकते, तिनं सांगितलं की मामी, पहिले तीन महिने वाया घालवू नका, ज्याला अजिबात चालता येत नाही आणि लकवा नवा आहे त्यालाच या मशीनचा जास्त फायदा दिसला आहे. तिनं मला मोबाईलवर दाखवलं पण, २०२० मध्ये जगभरातले ६२ अभ्यास एकत्र करून पाहिले होते, त्यात २४४० पेशंट, आणि निघालं काय तर साध्या फिजिओसोबत मशीन पण दिलं तर दर आठ पेशंटमागे एकजण जास्तीचा कोणाच्या आधाराशिवाय चालायला लागते. आठात एक. मी म्हटलं एवढंच? ती म्हणे मामी हे कमी नाही, एवढं पण बऱ्याच औषधांचं होत नाही. पण लक्षात घ्या, 'फिजिओसोबत' हा शब्द त्यात आहे. फिजिओच्या ऐवजी नाही.

तर मामाजींना लकवा मारून दोन महिने व्हायच्या आत आम्ही नागपूर गाठलं. माझी ननंद हुडकेश्वरला राहते, तिच्याकडे मुक्काम टाकला. रोज आमच्याकडच्या जाम गावावरून येणं-जाणं करायचं म्हटलं असतं तर पेशंट रस्त्यातच थकला असता, मशीनवर काय चालणार. ज्यांचं कोणी नागपुरात नाही त्यांनी आधी राहायची सोय पहा मगच मशीनचा विचार करा, हे मी पहिल्या नंबरवर ठेवीन.

आता मशीन कसं असते ते सांगते, कारण मला पण आधी वाटलं होतं की टीव्हीत दाखवतात तसा माणसासारखा रोबो येईल आणि हात धरून चालवेल. तसं काही नाही. खाली ट्रेडमिल, म्हणजे फिरता पट्टा. वरून एक पट्टा-बेल्टचं जाकीट लटकते, त्यात पेशंटला कंबर-मांडीपासून आवळून वर उचलतात, म्हणजे त्याचं अर्धं वजन मशीन पेलते आणि अर्धंच पायावर येते. आणि दोन्ही बाजूनं दोन यांत्रिक पाय, ते मांडीला आणि पिंडरीला कफनं, म्हणजे रुंद पट्ट्यानं, बांधतात. कमरेच्या आणि गुडघ्याच्या सांध्यापाशी मोटर असते, ती पाय उचलते, वाकवते, पुढे टाकते. स्वित्झर्लंडच्या होकोमा कंपनीचं लोकोमॅट हे यातलं नावाजलेलं, ही सगळी त्या जातीची मशीनं. दुसरी एक जात असते ज्यात पाय दोन पाटांवर ठेवतात आणि पाटच पाऊल टाकल्यासारखे फिरतात, त्यातल्या काहींवर पायऱ्या चढायची पण प्रॅक्टिस होते, पण ते आम्ही पाहिलं नाही. आपल्या देशातलं पण एक आहे, केरळच्या जेनरोबोटिक्सचं जी-गेटर, ही तीच कंपनी जिनं गटाराचे मॅनहोल साफ करायचा बँडिकूट रोबो काढला. मामाजींना हे सांगितलं तर म्हणे, "बरं आहे ना वो, चोकप काढणारेच पाहिजेत मले."

पहिल्या दिवशी तर चालवलंच नाही, नुसती मापं घेतली. मांडीचं हाड किती लांब, पिंडरी किती, कंबर किती रुंद, टेपनं मोजून मशीनमध्ये भरतात, कारण मशीनचा गुडघा आणि माणसाचा गुडघा एका रेषेत नाही आला तर सांधा दुखते. हे काम घाईत करणारा फिजिओ असेल तर तिथूनच परत फिरा. आमच्या मॅडमनं तीनदा बांधून सोडलं. मामाजी धोतर नेसून आले होते, ते कफमध्ये अडकते म्हणून नाही चालत, मग ननंदेच्या पोराचा ट्रॅक पॅन्ट घातला, आयुष्यात पहिल्यांदा. आणि चप्पल पण चालत नाही, मागून बंद असलेला बूट पाहिजे, लकव्याच्या पायावर सूज असते म्हणून एक नंबर मोठा घ्या.

मग दुसऱ्या दिवशी खरं चालवलं. जाकिटात टांगून वर घेतलं तेव्हा मामाजींचा चेहरा पाहण्यासारखा होता, भाजीच्या काट्यावर लटकवलेल्या पोत्यासारखे झुलून राहिले होते आणि उजव्या हातानं दांडा गच्च धरलेला. पट्टा सुरू झाला, दीड किलोमीटर ताशीच्या आत-बाहेर, एकदम हळू. आणि तो डावा पाय, जो दोन महिन्यात आम्ही उशीवर ठेवायचा तर तिथेच राहायचा, तो वाकला, उचलला, पुढे पडला. पुन्हा वाकला. सासूबाई सोबत होत्या, त्या रडायलाच लागल्या. मामाजी मात्र खाली पाहत होते पायाकडे आणि दोन-चार मिनिटांनी मॅडमला म्हणे, "मॅडम, मी चालून राहिलो का हे मशीन मले चालवून राहिलं?"

मॅडम हसल्या, म्हणे, "काका, सध्या मशीनच चालवून राहिलं. पण हा प्रश्न तुम्ही रोज विचारा."

आता या प्रश्नावरच सगळे पैसे वसूल व्हायचे का नाही ते ठरते, म्हणून इथं जरा थांबते. मशीनमध्ये एक सेटिंग असते, मोटरनं किती टक्के मदत करायची, त्याला गाईडन्स म्हणतात. सुरुवातीला शंभर टक्के, म्हणजे पेशंट झोपला तरी पाय चालते. आणि माणूस मोठा हुशार असते बरं का, मशीन करून राहिलं तर आपण कशाला जोर लावा, तो अंग सोडून देते. असं अंग सोडून महिनाभर चाललं तर दिसायला पावलं हजारो होतात पण डोक्यात काही जात नाही. मेंदूचा जो भाग मेला तो मेला, पण बाजूच्या भागाला ते काम पुन्हा शिकवायचं असते, आणि शिकायचं म्हणजे स्वतः जोर लावल्याशिवाय नाही. म्हणून चांगला फिजिओ हळूहळू ही मदत कमी करते, वजन पेलणं पण कमी करते, आणि पेशंटला बोलत राहते, "काका आता तुम्ही उचला, आता तुम्ही". समोर स्क्रीन असते, जोर लावला की त्यातला चेहरा हसते, सोडलं की तोंड पाडते. मामाजींना त्या चेहऱ्याचा राग यायचा, "हे कोण मले हसून राहिलं", पण त्या रागात पाय बरा उचलला जायचा हे मी डोळ्यानं पाहिलं.

आणि इथंच माझी पहिली तक्रार. त्या सेंटरमध्ये मॅडम होत्या तेव्हा असं. मॅडम सुट्टीवर गेल्या की एक पोट्टा असायचा, तो मामाजींना बांधायचा, बटन दाबायचा आणि खुर्चीवर बसून मोबाईल पाहायचा. मदत तीच शंभर टक्के, वजन तेवढंच पेललेलं. अर्धा तास झाला की उतरवायचा. पैसे दोन्ही दिवसांचे सारखे. मी एकदा त्याला म्हटलं, "दादा, गाईडन्स किती ठेवलं?" तर तो माझ्याकडे असा पाहायला लागला की ही खेड्यातली बाई हे काय विचारून राहिली. विचारायचंच! तुम्ही पण विचारा. मदत किती टक्के, वजन किती पेललं, स्पीड किती, किती मीटर चालले. मशीनवर हे सगळं दिसते, लिहून घ्या एका वहीत. मामाजींचं पहिल्या आठवड्यात वजन अर्ध्याच्या आसपास पेलत होते, शेवटी पाव पण नव्हतं, आणि अर्ध्या तासात साडेसातशे मीटरच्या वर जात होते. त्या पोट्ट्याच्या दिवशीचे आकडे त्या वहीत वेगळेच दिसतात.

दुसरी तक्रार पैशाची. एका सेशनचे अठराशे, म्हणजे आपल्या भाषेत पाव क्विंटल कापूस. वेळ पाऊण तासाची सांगतात, पण बांधण्यात आणि सोडण्यातच पंधरा मिनिटं जातात, चालणं अर्धा तासच. काउंटरवर पहिल्याच दिवशी पॅकेज घ्या, इतके टक्के सूट, पण पैसे परत नाही. आमच्या ह्यांनी पाकीट काढलंच होतं, मी म्हटलं आधी चार-पाच सेशनचेच देऊ, जमलं तर पुढचं पाहू. चांगलं झालं, कारण मधातच एक दिवस मामाजींचा बीपी वर गेला तर मशीनवर घेतलंच नाही (ते बरोबरच होतं), आणि नंतर मांडीच्या आतल्या बाजूला पट्ट्यानं कातडी सोलली म्हणून काही दिवस बंद ठेवावं लागलं. लकव्याच्या बाजूला पेशंटला घासलेलं पुरतं समजत नाही, म्हणून रोज उतरवल्यावर कपडा वर करून आपणच पाहायचं, जांघेत, गुडघ्याच्या मागे, पिंडरीला. जनआरोग्य योजनेत बसते का विचारलं तर काउंटरवर नाही म्हणून सांगितलं. तुमचं मेडिक्लेम असेल तर आधी लेखी विचारून घ्या.

तिसरी तक्रार ऐकून तुम्ही हसाल. एवढं लाखोचं मशीन, एसी रूम, काचेचं दार, आणि संडास इंडियन, वर एक उंच पायरी, धरायला दांडा नाही. लकव्याच्या पेशंटच्या सेंटरमध्ये! लिफ्ट पण कधी चालू कधी बंद. मामाजींना दोन वॉर्डबॉय खुर्चीसकट उचलून वर न्यायचे आणि वर गेल्यावर चालायची प्रॅक्टिस.

यायला-जायला एक टीप, ऑटोपेक्षा ई-रिक्षा बरी, पायरी खाली असते आणि पेशंटला आधी बसवून मग पाय आत घेता येतात. पुढं बसता-उठता यायला लागल्यावर आम्ही एसटीनं पण गेलो-आलो, ६५ च्या वरचे म्हणून मामाजींचं अर्धं तिकीट आणि बाई म्हणून माझं पण अर्धं.

आता फायदा काय झाला ते प्रामाणिकपणे. सव्वा-दीड महिना आम्ही तिथं होतो, आठवड्यातले चार-पाच दिवस मशीन आणि रोज मॅडमची हातानं फिजिओ. जाताना दोघांनी धरून उभं करावं लागायचं, येताना चार पायांची काठी आणि बाजूला एक माणूस एवढ्यावर खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकट्या मशीननं झालं का? मला नाही वाटत. पहिल्या सहा महिन्यात थोडंफार तर आपोआप पण सुधरते. पण मशीननं दोन गोष्टी नक्की केल्या. एक, पावलं. साध्या फिजिओत मॅडम आणि मदतनीस दोघं घामाघूम होऊन शे-दोनशे पावलं करून घ्यायचे, मशीनवर अर्ध्या तासात हजाराच्या वर व्हायची. दुसरं, भीती गेली. टांगलेलं असल्यामुळे पडायची शक्यताच नाही, तर उभं राहायचं म्हटलं की मामाजी जे थरथरायचे ते बंद झालं.

मशीननं काय नाही केलं, ते पण ऐका. घोटा. त्या जातीच्या मशीनमध्ये घोट्याला मोटर नसते, पंजा खाली पडू नये म्हणून नुसता पट्टा लावून वर धरतात. मशीनवरून उतरलं की पंजा लोंबकळतोच. त्याच्यासाठी एएफओ, म्हणजे बुटात घालायचं प्लास्टिकचं स्प्लिंट, ते लागलंच, आणि ते आजही लागते. हात तर वेगळाच विषय, पायाच्या मशीनचा हाताशी संबंध नाही. वळणं, मागे सरकणं, उंबरठा ओलांडणं, खाली बसून उठणं, यातलं काहीच मशीन शिकवत नाही, ते नाकासमोर सरळ चालवते, तेही गुळगुळीत पट्ट्यावर. आणि आमचं अंगण म्हणजे एकीकडे शेणानं सारवलेलं, एकीकडे फरशी, मधात नाली, बाहेर पडलं की काळी माती. पावसाळ्यात धडधाकट माणसाच्या चपला काढून घेते ती.

भाचीनं आणखी एक गोष्ट सांगितली होती जी मला नंतर पटली. अमेरिकेत २०११ मध्ये एक मोठा अभ्यास झाला, ४०८ पेशंट, काहींना असंच जाकिटात टांगून ट्रेडमिलवर चालवलं (तिथं रोबो नव्हता, माणसंच पाय धरत होती) आणि काहींना फिजिओनं घरी येऊन ताकदीचा आणि तोल सांभाळायचा व्यायाम दिला. वर्षानं पाहिलं तर दोन्हीकडे सारखीच सुधारणा, साधारण निम्मे पेशंट चांगले चालायला लागले. म्हणजे घरच्या व्यायामाला कोणी कमी समजू नये. फक्त तो रोज करून घेणारं कोणी पाहिजे, आणि शिकवणारा फिजिओ पाहिजे, जो आपल्या तालुक्यात शोधूनच सापडते, हे खरं दुखणं आहे.

कोणी जाऊ नये ते पण सांगते, हे मॅडमनंच आधी तपासलं होतं. पायात रक्ताची गाठ असेल, म्हणजे पिंडरी एकदम सुजून लाल-गरम झाली असेल, तर आधी डॉक्टरला दाखवा, मशीनवर नाही. हाडं फारच ठिसूळ, नुकतंच फ्रॅक्चर, अंगावर झोपून झालेल्या जखमा, सांधे कडक होऊन वाकतच नाही, हृदयाचा मोठा त्रास, यांना पण नाही. वजनाची पण मर्यादा असते, लोकोमॅटला १३५ किलो. आणि लकवा मारून दोन-तीन वर्षं झाली, पेशंट काठीनं घरात चालते, त्यांनी या मशीनवर पन्नास हजार घालवण्यापेक्षा तेच पैसे घरी येणाऱ्या फिजिओवर आणि संडासात कमोड बसवण्यावर घालवावे, माझं स्पष्ट मत. ज्यांचा पेशंट नवा आहे, पाय अजिबात उचलत नाही, पण समजते-उमजते आणि राहायची सोय आहे, त्यांनी महिना-सव्वा महिना जरूर करावं. पण मशीन पाहून सेंटर निवडू नका, मॅडम पाहून निवडा. कोणत्या दिवशी कोण असते ते आधी फोन करून विचारा आणि त्याच दिवसाचे सेशन घ्या.

आता मामाजी स्प्लिंट घालून आणि काठी घेऊन मारुतीच्या पारापर्यंत जातात, सोबत कोणीतरी लागते पण धरावं नाही लागत. पाऊस असला की नाही जात. परवा शेतात जायचं म्हणून हट्ट धरला, बांधापर्यंतच नेलं आणि परत आणलं, सोयाबीन पाहून शिव्या देत आले.

मॅडमनं निघताना घरी दोन समांतर दांडे बसवायला सांगितले होते, मधात उभं राहून चालायची प्रॅक्टिस करायला. बाजारात तयार पाहिले तर भाव ऐकूनच परत आलो, मग जामच्या वेल्डिंगवाल्याकडून जीआय पाईपचे करून घेतले, दोन-तीन सेशनच्या पैशात झाले आणि रोजच्या रोज वापरात आहेत. कोणाला करायचे असतील तर माप सांगते. पेशंटला उभं करून हात खाली सोडायला लावा, मनगट जिथं येते तेवढी दांड्याची उंची, म्हणजे धरल्यावर कोपर थोडंसं वाकते. दोन दांड्यांमधलं अंतर कमरेच्या दोन्ही बाजूनं चार बोटं जागा राहील एवढंच, जास्त ठेवलं तर पेशंट मधात झुलते. लांबी दहा फूट तरी ठेवा, नाहीतर चार पावलात वळावं लागते आणि वळतानाच पडायची भीती. आणि खांब सिमेंटमध्ये गाडा, नुसता खड्डा करून माती लोटू नका, आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि मग सगळे खांब हलायला लागतात.